एकाच माणसाचं उत्तर

लिंडी, टांगानिका
१४ जानेवारी १९६२

गुरुवर्य दिघे मास्तरांच्या पायाशी चांगदेव घरतचा नमस्कार पोचावा.

तुम्ही अलिबागच्या शाळेतून निवृत्त होऊन नागावला वाडी बघत बसलात, आणि तुमच्या ओटीवर इंग्रजीचे धडे घोकलेला मिठागरातला पोर समुद्रापार येऊन इंग्रजीचा मास्तर झाला. देवाला थट्टेची भारी हौस, असं तुम्ही म्हणायचात. बोटीतून उतरल्या उतरल्या मला तेच आठवलं. बंदर म्हणजे तरी काय, आपल्या रेवसच्या धक्क्याहून थोडं मोठं. माड आहेत, काजू आहेत, उकाडा तर अगदी घरचा आहे. महिन्यापूर्वी हा देश स्वतंत्र झाला. आपल्याकडे सत्तेचाळीस साली होती तशीच हवा आहे, ज्याला त्याला काहीतरी व्हायचंय.

शाळा आधी फक्त आपल्या लोकांची होती, आता इथल्या मुलांनाही घेतात. वरच्या वर्गात पंचवीसेक मुलं आहेत. वर्षाअखेरीला त्यांची मोठी परीक्षा. पेपर विलायतेहून येतो आणि तपासायला विलायतेलाच जातो. पास झाला त्याला सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटवाल्याला हा नवा देश दोन्ही हातांनी ओढून घेतो. नर्स हो, कारकून हो, मास्तर हो. नापास झाला तो बंदरावर काजूची पोती उचलतो. मधलं काही नाही. इंग्रजीत गेला की बाकी सगळं पास होऊनही सर्टिफिकेट मिळत नाही, आणि त्यातला साहित्याचा पेपर माझ्याकडे आहे. मास्तर, मला भीती वाटते.

या वर्षी एक नाटक लावलं आहे आणि एक कादंबरी. विलायतेत एका दीपगृहाचा रखवालदार दारू पिऊन झोपतो, दिवा विझतो, जहाज फुटतं, माणसं मरतात. त्याची मुलगी आधी बापासाठी खोटं बोलते आणि शेवटी कोर्टात उभी राहून खरं सांगते. बाप तुरुंगात जातो, पुस्तक संपतं. मुलीच्या सत्यप्रियतेवर चार परिच्छेद लिहा, असं मी वर्गाला सांगितलं. बहुतेकांनी चार ओळी लिहिल्या. रेहेमा नावाची एक मुलगी आहे, बाप गलबतावर नाखवा. तिने दोन पानं लिहिली. इंग्रजी असं मोडकंतोडकं की वाचताना ठेचा लागाव्यात. मजकूर ऐका: "ती खरं बोलली ते चांगलं झालं. पण त्या संध्याकाळी दिवा कोणी लावला? पुस्तकात लिहिलेलं नाही. मी शेवटचं पान दोनदा उलटून बघितलं. माझे वडील समुद्रावर असतात, म्हणून मला हे समजायला हवं."

मला हसूही आलं आणि काळजीही वाटली. असल्या उत्तराला विलायतेत कोण मार्क देणार? तुम्ही रस्ता दाखवा.

तुमचा,
चांगदेव

*

नागाव
५ फेब्रुवारी १९६२

चि. चांगदेव,
आशीर्वाद घे आणि भीती वाटते म्हणून पुन्हा लिहू नकोस.

तुझं पत्र पोफळीखाली बसून वाचलं. वर वाडीतला गडी विठोबा सुपारी उतरवत होता, त्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तिकडं पन माड हायत व्हय? मग कशाला गेला?" त्याचं उत्तर तू देऊन पाहा.

आता तुझ्या भीतीविषयी. अरे, तू अलिबागच्या शाळेत आलास तेव्हा कसा होतास ते विसरलास? अंगाला मिठागराच्या चिखलाचा वास, इंग्रजी वाचायला उभा केला की जीभ टाळ्याला चिकटायची. तुला जर मी "बाळ चांगदेव, या कवितेबद्दल तुला काय वाटतं?" असं विचारत बसलो असतो, तर तू आज बापासारखा मिठागराच्या कोंड्यात पाणी घेऊन मीठ ओढत असतास. मी काय केलं? उत्तर लिहून दिलं आणि पाठ करून घेतलं. एक स्वल्पविराम चुकला की ओटीबाहेर उभा. तू रडलास, शिव्या दिल्या असशील, पण इंग्रजीत जिल्ह्यात वर आलास. परीक्षेला कोणी आपलं मत विचारायला बोलावत नाही, हे गरिबाच्या पोराने लवकर ओळखावं. मतं असतात बॅरिस्टरच्या पोरांना. त्यांच्या घरी कपाटं भरून पुस्तकं असतात, चुकलं तरी बाप सांभाळून घेतो. आपल्या पोरांना पहिली उडीच पार न्यावी लागते.

तेव्हा नाकाने कांदे सोलू नकोस. दहा-बारा प्रश्न काढ, उत्तरं स्वतः लिही, पोरांकडून तोंडपाठ करून घे. तुला ओटीवर घोकवलेला सत्यावरचा आपला निबंध आहेच, त्याची सुरुवात कुठल्याही पुस्तकाला चालते. आणि त्या नाखव्याच्या पोरीच्या वहीवर लाल शाई सांडायला लाजू नकोस. दिवा कोणी लावला म्हणे! सरकारने दुसरा माणूस नेमला असेल.

तुझी आई परवा येऊन गेली. येसूबाई खारेपाटातून एस.टी.ने अलिबागला वाल विकायला आली होती, तिथून चालत नागावला. पत्र वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "माजा पोर तिकरं नीट जेवतो क नाय, त्ये लिवलंय क?" लिहिलेलं नव्हतंस. मी म्हटलं, जेवतो.

केशव दिघे

*

लिंडी
९ ऑगस्ट १९६२

गुरुवर्य मास्तर,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल. वेळच नव्हता, आणि का नव्हता ते ऐकून राग जाईल.

तुमची पद्धत इथे अशी रुजली की मलाच नवल वाटतं. या किनाऱ्यावरची मुलं लहानपणी मदरशात कुराण तोंडपाठ करतात. अर्थ कळो न कळो, ओळ चुकत नाही. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती, मी फक्त बी टाकलं. सकाळी शाळेआधी मुलं अंगणातल्या आंब्याखाली गोल बसून एका सुरात उत्तरं म्हणतात. रस्त्याने जाणारे लोक थांबून ऐकतात. एका दुकानदार भाईने तर मला विचारलं, "मास्तरसाहेब, ही प्रार्थना कुठल्या धर्माची?"

रेहेमाने बरेच दिवस दाद दिली नाही. उत्तर अर्धं म्हणायची आणि मध्येच थांबून विचारायची, "सर, पण हे खरं आहे का?" मी तिला व्हरांड्यात उभं केलं. पाठ झाल्याशिवाय आत यायचं नाही, असं बजावलं. उन्हात उभी राहायची आणि खिडकीतून वर्गाकडे बघायची. मला वाईट वाटायचं, खोटं का बोलू. पण तुम्हीही मला उभं केलं होतंत आणि त्यामुळेच मी आज उभा आहे, असं मनाला समजावायचो. शेवटी एके सकाळी आली आणि सगळी उत्तरं धडाधड म्हणून दाखवली. आता वर्गात तिच्या तोडीचं पाठांतर कोणाचं नाही. लहान मुलांचं तीच घेते. प्रश्न विचारणं बंद झालंय, वर्ग कसा शांत चालतो.

तिला राजधानीतल्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घ्यायचंय. तिथली जागा तिच्यासाठी धरून ठेवली आहे, सर्टिफिकेट दाखवलं की झालं. बाप मला रस्त्यात भेटला की दोन्ही हातांनी हात धरतो.

आईला सांगा, मी जेवतो. भात मिळतो, मासळी मिळते, फक्त कोकम मिळत नाही.

चांगदेव

*

नागाव
२ सप्टेंबर १९६२

चि. चांगदेव,

शाब्बास. तुझं पत्र मी अलिबागच्या वाचनालयात नेऊन चारचौघांत वाचलं. आमच्यातले एक उंटावरचे शहाणे म्हणाले की हे काही खरं शिक्षण नव्हे. मी म्हटलं, खारेपाटातल्या आगऱ्याचा पोर साहेबाच्या परीक्षेला साहेबाची भाषा शिकवतो, याला तुम्ही काय म्हणता ते सांगा. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

नाटकावरची दोन उत्तरं मी स्वतः लिहून सोबत पाठवतो. भाषा जरा भारदस्त आहे, पण तुझी पोरं पेलतील. एक शब्द इकडचा तिकडे होऊ देऊ नकोस. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून कोणी आपल्या शब्दांत लिहायला गेला तर तिथेच कान धर.

माझ्याही ओटीवर यंदा मॅट्रिकची आठ-दहा पोरं आहेत. त्यांना तुझंच उदाहरण देतो. म्हातारपणी मला तेवढंच सुख आहे, ते तू दिलंस.

आईला कोकमं वाळवायला सांगितली आहेत. कोणी येणारं-जाणारं असेल तर कळव.

केशव दिघे

*

लिंडी
८ डिसेंबर १९६२

मास्तर, घाईत लिहितोय. टपालाची बोट उभी आहे.

पेपर झाला. सत्यप्रियतेचाच प्रश्न आला! नाटकावर तुम्ही पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं बसलं. मुलं बाहेर आली ती नाचतच. एकाने मला चक्क उचलून घेतलं. रेहेमा म्हणाली, "सर, एक शब्दसुद्धा चुकला नाही."

मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. माझ्या स्वतःच्या निकालालाही नाही.

चांगदेव

*

नागाव
२४ मार्च १९६३

चि. चांगदेव,

डिसेंबरानंतर तुझी एक ओळ नाही. तुझ्याच हिशेबाने निकाल एव्हाना लागला असणार. आनंदात माणूस गुरूला विसरतो, हे मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे, तेव्हा तुझ्यावर रागावत नाही. पण तुझी आई माझा जीव खाते. दर बाजाराला येऊन ओटीच्या पायरीवर बसते आणि विचारते, "पास झाला क माजा चांगदेव?"

मी तिला कितीदा सांगितलं की बाई, परीक्षा त्याची नाही, त्याच्या पोरांची आहे. ती ऐकून घेते आणि म्हणते, "तेच वो मास्तर. पन पास झाला क?" मी कपाळाला हात लावला.

दोन ओळी लिही. नसेल वेळ तर तार कर.

केशव दिघे

*

लिंडी
१९ एप्रिल १९६३

गुरुवर्य मास्तर,

वेळ होता. हात धजत नव्हता.

निकाल लागला तो आमच्या शाळेला वगळून. आधी आम्हाला वाटलं टपाल चुकलं. मग हेडमास्तरांना कळवण्यात आलं की आमच्या मुलांचे पेपर रोखून ठेवले आहेत. तिकडच्या तपासनिसाने एक पेपर वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला त्याच्या लक्षात आलं. पंचवीस मुलांचं एकच उत्तर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. एक तर पेपर फुटला असणार, नाहीतर मास्तराने परीक्षेत उभं राहून सांगितलं असणार, असा त्यांचा संशय.

चौकशीला राजधानीहून शिक्षण खात्याचा एक इंग्रज अधिकारी आला. म्हातारा, सौम्य माणूस. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि पेपर समोर मांडले. चोरीचा शब्द ऐकला आणि माझं डोकं भडकलं. माझ्या मुलांनी चोरी केली? आंब्याखाली बसून त्यांनी किती मेहनत केली ते साऱ्या गावाने पाहिलं आहे. मी म्हटलं, "साहेब, कोणालाही बोलवा. हातात कागद देऊ नका. सगळं तोंडाने म्हणून दाखवेल."

त्याने रेहेमाला बोलावलं. ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली. साहेबाने तिचा पेपर स्वतःच्या हातात धरला आणि बोट ठेवून वाचत गेला. ती म्हणत गेली. एक शब्द चुकला नाही, मास्तर, एक श्वास चुकला नाही. नाटकावरचं तुमचं उत्तरही म्हटलं. मी जिंकलो होतो. मी साहेबाच्या तोंडाकडे बघत होतो की आता हा माफी मागेल.

त्याने पेपर खाली ठेवला. मग तिला अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि तुला ती मुलगी आवडली का? त्या दीपगृहातली?"

रेहेमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की सांग. साहेबाने पुन्हा विचारलं, "घाबरू नकोस, चूक-बरोबर काही नाही. तुला काय वाटलं एवढंच सांग." तिचे ओठ हलले. मला वाटलं आता बोलेल. तिने पुन्हा पहिल्या वाक्यापासून उत्तर म्हणायला सुरुवात केली. साहेबाने हात वर केला तरी थांबेना. मीच ओरडलो तेव्हा थांबली.

ती बाहेर गेल्यावर साहेब मला म्हणाला, "मिस्टर घरत, या मुलांनी चोरी केलेली नाही. तसं मी लिहून देईन. पण हे उत्तर एकाच माणसाचं आहे, आणि तो माणूस परीक्षेला बसलेला नव्हता."

काल निकाल हातात आला. चोरीचा आरोप काढून टाकला आहे. साहित्यात सगळी मुलं नापास. त्यामुळे इंग्रजी गेलं, आणि इंग्रजी गेलं म्हणून सर्टिफिकेट एकालाही नाही. गणितात पहिला आलेलाही गेला. रेहेमाची इस्पितळातली जागा दुसऱ्या मुलीला दिली.

आईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

चांगदेव

*

नागाव
११ मे १९६३

चि. चांगदेव,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली त्या साहेबाची गत. एवढीशी पोर परक्या भाषेतली पानंच्या पानं कागद न बघता म्हणते, आणि हा म्हणतो नापास! याच्या स्वतःच्या नातवाला येईल का आपलं एक स्तोत्र म्हणता? स्वातंत्र्य दिलं पण मनातली अढी गेली नाही. काळ्या पोरांना इतकं चांगलं येतं हेच त्यांना सोसवलं नाही, माझा तर्क हाच आहे.

तू गप्प बसू नकोस. वरच्या मंत्र्याला लिही, आपल्या वकिलातीला लिही. अर्जाचा मसुदा मी पाठवतो. आणि त्या रेहेमाचं पूर्ण नाव कळव. आमच्या वाचनालयातर्फे तिला पाठांतराचं बक्षीस पाठवायचं मी ठरवलं आहे. चांदीचं पदक नाही परवडणार, पण एक चांगलं पुस्तक पाठवू.

पोरांना धीर दे. यंदा पुन्हा बसव. उत्तरं थोडी थोडी बदलून दे, म्हणजे अर्ध्यांना एक आणि अर्ध्यांना दुसरं. साहेबालाही कळणार नाही.

केशव दिघे

*

लिंडी
३० जून १९६३

मास्तर,

अर्ज केला नाही. मसुदा पाठवू नका. बक्षीसही नको, मी तुमच्या पाया पडतो.

तुम्हाला समजलं नाही म्हणून राग नाही. मलाही समजायला साहेबाच्या टेबलासमोर बसावं लागलं. त्या दिवसापासून मी नीट झोपलेलो नाही. बंदरावर जायचा रस्ता मी सोडला होता, पण परवा टपालासाठी जावंच लागलं. माझी दोन मुलं काजूची पोती वाहत होती. मला बघून त्यांनी पोती खाली ठेवली आणि "शिकामू, मवालिमू" म्हणून वाकून नमस्कार केला. मवालिमू म्हणजे मास्तर. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात रेहेमा घरी आली, सोबत आत्या होती. बापाने तिला आणखी एक वर्ष बसायची परवानगी दिली आहे, शेवटची. नंतर लग्न. तिने विचारलं, "सर, यंदाचं पुस्तक वेगळं आहे ना? त्याची उत्तरं कधी द्याल? मी आतापासून सुरू करते."

मी म्हटलं, यंदा उत्तरं देणार नाही. तू पुस्तक वाच आणि तुला जे वाटेल ते लिहून आण. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. पूर्वी तू लिहायचीस तसं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सर, मी चुकले असेन तर माफ करा. पण मला नापास करू नका. तुम्ही सांगाल ते सगळं मी पाठ करीन." मी पुष्कळ समजावलं. तिला वाटलं मी शिक्षाच करतोय. तिची आत्या मला हात जोडत होती, तिची भाषा कळत नव्हती तरी मला सगळं कळत होतं. ती मुलगी एके काळी शेवटचं पान उलटून उलटून बघायची. ते मी तिच्यातून काढून टाकलं, आणि आता परत कसं घालायचं ते मला येत नाही.

त्या गेल्यावर मी ठरवलं की आधी आपण करून दाखवू. नवं पुस्तक घेतलं, प्रश्न घेतला, कोरा कागद घेतला. या पुस्तकाबद्दल चांगदेव घरतला काय वाटतं? मास्तर, सबंध दुपार गेली. लिहायला लागलो की "सत्य हा मानवी जीवनाचा पाया आहे" हेच वाक्य येतं. ते खोडलं की त्याच्या पुढचं येतं. मी बी.ए. झालो, कविता शिकवल्या, नाटकं शिकवली, आणि मला एकही गोष्ट आवडली की नाही ते मला माहीत नाही. साहेबाला वाटलं तो एक माणूस म्हणजे मी. मी कुठला? वाक्यं तुमची होती. खरं सांगा, तुमची तरी होती का?

तुमच्यावर राग धरायला मन घेत नाही. तुम्ही नसतात तर मी मिठागरातच असतो, आणि तेही खोटं नाही. म्हणून तर कुठे तोंड लपवू तेच कळत नाही. करार डिसेंबरात संपतो. परत येऊन काय करीन ते ठाऊक नाही. शिकवणार नाही, एवढंच ठाऊक आहे.

चांगदेव

*

नागाव
२० ऑगस्ट १९६३

चांगदेवा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. आधी राग आला, पुष्कळ आला. पत्र फाडायलाही घेतलं होतं. मग फाडलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नव्हती. माझ्या मास्तरांनी मला घालून दिलेली वाक्यं. त्यांना कोणी दिली ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.

आई आली होती. समुद्राला नारळ घालायचा म्हणून खास नागावला आली. पायरीवर बसली आणि तेच विचारलं. मी म्हटलं, "पास झाला, येसूबाई." हात जोडून समुद्राकडे बघत म्हणाली, "मना ठावं व्हता." मग वाडीतल्या सगळ्यांना गूळखोबरं वाटलं. मलाही दिलं. मी खाल्लं.

त्यानंतर एका सकाळी मी ओटीवरच्या पोरांना म्हटलं, वह्या मिटा. हा धडा तुम्हाला कसा वाटला ते आपापल्या शब्दांत सांगा, मराठीत सांगा, आगरीत सांगा, कसंही. पोरं मिटलेल्या वह्यांवर हात ठेवून बसली. गोदू म्हणून एक चुणचुणीत पोर आहे, तिला उभं केलं. ती म्हणाली, "मास्तर, तुमी सांगा ना, मी लगेच पाठ करते." मी म्हटलं, मी सांगणार नाही. आठवडाभर मी काही सांगितलं नाही. पोरं यायची, ओटीवर गप्प बसायची आणि घरी जायची. मीही त्यांच्यासमोर गप्प बसायचो. आपण काय ऐकायची वाट बघतोय ते मलाच नीट माहीत नव्हतं.

मग गोदूचा बाप भिकू आला. माणूस पायरीवरही चढला नाही, खालीच उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, आमचं काय चुकलं आसल तं पोटात घाला. पोरीला मास्तरीण करायची हाय. तिला शिकवायचं बंद नका करू. परीक्षा मार्चात हाय." मी त्याला तुझ्या मुलांची हकीगत सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण इथे तपासनीस विलायतेचा नाही, चांगदेवा. इथे त्या उत्तरांना मार्क मिळतात. गोदू त्यांच्यावर पास होईल, मास्तरीण होईल आणि पोरांना शिकवील. काय सांगणार होतो मी भिकूला?

तू परत ये. इकडे तुला कुठल्याही शाळेत घेतील, शिकवायचं नसेल तर कारकुनी कर. पण ये. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

भिकू येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोरांना म्हटलं, उघडा वह्या. त्यांचे चेहरे असे खुलले की मला बघवेना. आत्ता हे लिहितोय तेव्हाही ओटीवर तेच चाललं आहे. गोदू पुढे म्हणते, बाकीची मागून म्हणतात. आवाज वाडीच्या टोकापर्यंत जातो. एकाही पोराचं चुकत नाही.

केशव दिघे